केळीच्या सोपाची गाठ

आवडाबाईने ती गाठ का मारली, या प्रश्नाचे उत्तर मला देता आलेले नाही. खटल्याच्या कागदांत ते सापडत नाही आणि तिची नात जनी हिने सांगितलेल्या आठवणींतही नाही. गाठ होती, एवढेच निश्चित. केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सुकवलेल्या पदराचा, वीतभर धागा. बेंबीपासून दोन बोटांवर दोन वेढे देऊन आवळलेला. अलिबागच्या डॉक्टरने तो सोडवून काचेच्या बाटलीत घातला आणि १९२८ सालच्या त्या खुनाच्या खटल्यात तो मुद्देमाल म्हणून दाखल झाला.

आवडाबाईचे माहेर बोर्ली पंचतनचे. ते गाव तेव्हा जंजिरा संस्थानात होते. तिची आई सुईण होती आणि आईचेच काम तिच्या हातात आले. लग्न होऊन ती रेवदंड्याजवळच्या एका नारळी-पोफळीच्या वाडीत आली. नवरा भागोजी त्या वाडीत रहाट हाकीत असे. वाडीचे मालक मार्तंडपंत. त्यांना सगळे अण्णा म्हणत. घरात हुकूम चाले तो अण्णांच्या आईचा, गोदूकाकूंचा. भागोजीचे झोपडे कुंपणाच्या आत, अण्णांच्या जागेवर होते. अण्णांची तिन्ही मुले आवडाबाईच्या हातांवर जन्माला आली. तिसऱ्या खेपेस मुलगा झाला, तेव्हा गोदूकाकूंनी खूश होऊन आवडाबाईच्या लेकीला, रंगूला, चांदीचे वाळे दिले.

इकडच्या सुइणी नाळ सुताने बांधीत. आवडाबाई सोपाने बांधी. सोप पाण्यात भिजवून मऊ करायचा, नखाने त्याचा बारीक धागा काढायचा, दोन वेढे, वर एक उलटी गाठ. सूत कापते, सोप धरून ठेवतो, असे तिची आई म्हणे. गजरे ओवण्याच्या धाग्याने नाळ बांधते म्हणून शेजारणी तिची थट्टा करीत. त्या थट्टेचे तिला काही वाटत नसे.

रंगू पाच वर्षांची असताना, १९२१ च्या मार्गशीर्षात, चौलच्या जत्रेतून नाहीशी झाली. तिसऱ्या दिवशी ती किनाऱ्यालगतच्या केवड्याच्या जाळीत सापडली. गळा आवळलेला होता, पायांत वाळे नव्हते. अलिबागच्या एका सोनाराला वाळे विकायला आलेल्या माणसाचा संशय आला आणि अंबाजी पकडला गेला. अंबाजी शेजारच्याच वाडीतला गडी. जत्रेत रंगूला खांद्यावर घेऊन फिरवणारा तोच होता.

त्या खटल्यात आवडाबाईची साक्ष झाली. डाव्या वाळ्याला आतून एक चेप होता. जात्याच्या पाळूखाली सापडून पडलेला. तो तिने न बघता सांगितला. गोऱ्या न्यायाधीशाने वाळे हातात घेऊन आतून बोट फिरवले आणि तिला बसायला स्टूल आणवले. अंबाजीला फाशी झाली. वाळे तिला परत मिळाले ते दोऱ्याने बांधलेली, कोर्टाच्या सहीची कागदी चिठ्ठी तशीच ठेवून. ती चिठ्ठी तिने कधी काढली नाही.

“सायबापुढं खरं बोललं का सायब आयकतो,” असे ती पुढे कितीतरी वेळा म्हणे. जनीने हे वाक्य आपल्या आईच्या तोंडून ऐकले होते.

हे वाक्य चुकीचे नव्हते. ते एका प्रकारच्या हत्येपुरते खरे होते. घराबाहेरच्या माणसाने दागिन्यासाठी मूल मारले, की न्यायाला लागणारे सारे आपोआप जमते. मुलाला नाव असते. त्याला शोधणारे कोणी असते. चोरलेली वस्तू कोठे ना कोठे उजेडात येते, आणि ज्याला वाचवण्यात कोणाचेच हित नाही असा गुन्हेगार असतो. रंगूसाठी अख्खी वाडी साक्षीला आली होती; अण्णासुद्धा. घराच्या आत मारल्या गेलेल्या मुलाच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही. त्याला नाव मिळालेले नसते, आणि गुन्हेगार शोधायला निघालेला शिपाई उंबरठ्याच्या आत पाय टाकतो तो एकाच माणसाला धरायला, जन्म देणारीला. आवडाबाईला हा फरक ठाऊक असण्याचे काही कारण नव्हते.

अनुसूया ही अण्णांच्या धाकट्या भावाची बायको. नवरा विषमज्वराने गेला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. पुढची सहा वर्षे ती त्याच घरात सोवळ्याचा स्वयंपाक करीत राहिली. माहेरी एक म्हातारी आई होती, तीही वारली. १९२८ च्या वैशाखात एका दुपारी आवडाबाईला मागच्या दाराने बोलावणे आले. अनुसूया सुपारी सोलण्याच्या पडवीत गोणपाटावर पडली होती. गोदूकाकू दाराशी पाटावर बसून होत्या. पुरुष माणसे जेवून झोपली होती.

मूल जन्मले आणि रडले. पुढचे बोलणे आवडाबाईने मॅजिस्ट्रेटपुढे सांगितले, आणि तेच तिने घरीही सांगितले होते. दोन्हींत फरक नाही.

“आवडे, नाळ काप आणि तशीच ठेव. बांधू नकोस,” गोदूकाकू म्हणाल्या.

“न्हाय बांदली तं रगत जाईल, काकू.”

“जाऊ दे.”

आवडाबाईने नाळ कापली आणि बांधली.

“ऐकू येत नाही का ग तुला?”

“हात गेला, काकू.”

गाठीविषयी तिने दिलेले एवढेच स्पष्टीकरण उपलब्ध आहे. ते हातचलाखीचे उत्तर असेल, भीतीचे असेल, किंवा अगदी शब्दशः खरे असेल. तीस वर्षे हात जी हालचाल करीत आले, ती त्यांनी आपणहून केली असेल. पण सोप आधी भिजवावा लागतो. तो तिने घरून निघतानाच ओल्या फडक्यात गुंडाळून आणला होता, आणि बोलावणे कशासाठी आहे हे तिला निघतानाच कळले होते.

तेवढ्यात अनुसूयेने डोळे उघडले.

“रडलं का ग?”

“व्हय.”

“मुलगा की मुलगी?”

आवडाबाईने गोदूकाकूंकडे पाहिले. अनुसूयेची शुद्ध पुन्हा हरपली. गोदूकाकूंनी जुन्या लुगड्याचा तुकडा पुढे केला. “आण इकडे.”

आवडाबाईने मूल त्यांच्या हातात दिले. मुलगी होती.

वाडीच्या दक्षिण टोकाला एक जुनी बाव होती. बाव म्हणजे विहीर. पाच वर्षे तिचे पाणी कोणी काढले नव्हते, काठावर केतकी माजली होती. नऊ दिवसांनी मोठ्या बावीचे पाणी अचानक मचूळ झाले. समुद्रालगतच्या वाड्यांत उन्हाळ्याच्या शेवटी असे होते. अण्णा मुंबईस गेले होते. पोफळी सुकू लागल्या, तेव्हा कोणाला न विचारता भागोजीने केतकी तोडून जुन्या बावीवर रहाट जोडला. रहाटाच्या माळेतल्या एका गाडग्याला लुगड्याचा तुकडा अडकून वर आला. भागोजी ओरडला. पाट काढणारे गडी धावले, रस्त्याने जाणारे दोन कोळी आत आले, आणि झाकण्यासारखे काही उरले नाही.

त्या संध्याकाळचा नवरा-बायकोचा संवाद जनीला भागोजीकडून कळला होता.

“मला बोलली असतीस, तं मी त्या बावीवर गेलो असतो का गो?”

“तुला बोलली असती तं तू अण्णांपाशी गेला असतास.”

“मंग काय बिघडलं असतं? निदान मी वरडलो नसतो.”

नाळ बांधलेली होती, म्हणजे सुईण हजर होती. फौजदाराने आसपासच्या सुइणी चावडीत बसवल्या आणि बाटली सर्वांपुढे फिरवली.

“हा धागा कोणाचा?”

“आमी सूत वापरतो, सायेब,” एक म्हातारी सुईण म्हणाली. “सोपावर गजरं ववतात. आमच्या हितं गजऱ्यावानी प्वारं न्हाय ववत.”

दुसरी पदरात तोंड घालून हसली. “आवडीच्या म्हायेरी असंल रीत. तिकडं सुताचा दुष्काळ हाय जनू.”

चावडीत हशा झाला. फौजदार हसला नाही. त्याने वळून विचारले, “तुझं माहेर कुठलं?”

“बोर्ली,” आवडाबाई म्हणाली. मग घाईने, “पन मला काय बी ठावं न्हाय.”

याच जबाबावर तिचा अंगठा घेतला गेला. दुसऱ्या दिवशी, नुकतीच बाळंत झालेली कोण हे पाहायला, वाडीतल्या बायका तपासण्याचे कामही, रिवाजाप्रमाणे, सुईण म्हणून तिलाच सांगितले गेले. अनुसूयेच्या खोलीतून बाहेर येऊन ती म्हणाली, “हिच्या अंगावर काय न्हाय.” अलिबागहून नर्स आली, तिला पाच मिनिटे पुरली. अनुसूयेला बैलगाडीतून नेले, तेव्हा तिला ताप होता.

अण्णांनी अनुसूयेसाठी वकील दिला. वकील हुशार होता. त्याने आवडाबाईला अण्णांच्या ओटीवर बोलावून घेतले.

“हे पाहा बाई, प्रेत नऊ दिवस पाण्यात होतं. फुफ्फुसं कुजलेली. मूल श्वास घेत होतं की नाही, हे डॉक्टरला सांगता येत नाही. त्याने तसं लिहून दिलंय. तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं, की मूल मेलेलंच जन्मलं आणि सवयीने तुम्ही नाळ बांधली. संपलं. मग खून नाहीच. जन्म लपवल्याबद्दल अनुसूयाबाईंना फार तर दोन वर्षं. बहुधा सहाच महिने.”

“आन् काकू?”

“काकूंचा इथे काय संबंध?”

अण्णा झोपाळ्यावर बसले होते. ते हळूच म्हणाले, “भागोजी वीस वर्षं आपल्या वाडीत आहे, आवडाबाई.”

कायद्याच्या दृष्टीने वकिलाचा सल्ला अचूक होता, हे येथे सांगितले पाहिजे. अनुसूयेला वाचवण्याचा तो एकमेव मार्ग होता. आवडाबाईला मात्र त्यात दिसले ते झोपाळ्यावरचे अण्णा. हे खोटे गोदूकाकूंना वाचवण्यासाठी रचले आहे, असे तिने ताडले. आणि ते बरोबरच होते. त्याच खोट्याच्या आडोशाला अनुसूयाही उभी आहे, हे तिच्या लक्षात आले नाही. तिच्यापाशी न्यायाचा एकच अनुभव होता, आणि त्यात खरे बोलल्याने मुलीचा मारेकरी सापडला होता.

भागोजीने तिचे पाय धरले. “झोपडं जाईल गो. जाऊ कुठं आपून?”

“त्या पोरीला फासावर देतील. तिनं हात बी लावला न्हाय.”

“वकील बोलला ना, सा म्हैनं!”

“खोटं बोलून सा म्हैनं. खरं बोललं तं ती सुटंल.”

दुसऱ्या दिवशी ती चालत अलिबागेस गेली आणि मॅजिस्ट्रेटपुढे सारे सांगून मोकळी झाली. तिला माफीची साक्षीदार करण्यात आले. गोदूकाकूंवर खटला भरण्याइतका स्वतंत्र पुरावा नाही, असे ठरले.

सेशन कोर्टात ती उभी राहिली तेव्हा न्यायाधीश दुसरा होता. तिने सगळे क्रमाने सांगितले: मूल रडले, काकूंनी बांधू नको म्हटले, मी बांधली, मूल काकूंच्या हातात दिले, आई शुद्धीवर नव्हती.

“एकदाही शुद्धीवर आली नाही?” सरकारी वकिलाने विचारले.

ती थांबली. मग म्हणाली, “येक डाव. ‘रडलं का’ म्हून इचारलं.”

“तू काय सांगितलंस?”

“व्हय म्हनाले.”

पिंजऱ्यात अनुसूयेने मान खाली घातली. तिच्या लेखी जबाबात, वकिलाच्या सल्ल्याप्रमाणे, मूल मेलेले जन्मले असे होते.

उलटतपासणी अण्णांच्या वकिलाने केली. चावडीत ‘मला काही ठाऊक नाही’ म्हणणारी तूच ना? ‘हिच्या अंगावर काही नाही’ म्हणणारीही तूच? मूल तूच मारलेस आणि जीव वाचवायला आता एका वृद्ध, धर्मशील बाईचे नाव घेतेस, हे खरे ना? गोदूकाकूंची साक्ष त्याआधी झाली होती. आवडाबाई त्या दिवशी घरात आलीच नव्हती, एवढेच त्या म्हणाल्या होत्या.

यावर आवडाबाईने पदराची गाठ सोडली आणि चिठ्ठी बांधलेले वाळे काढून पुढे धरले.

“सायेब, मागं बी मी हितंच उभी हुते. तवा बी खरंच बोलले हुते. ह्यावर सही हाय बघा.”

न्यायाधीशाने दुभाष्याला विचारले. दुभाष्याने सांगितले. या वस्तूचा खटल्याशी संबंध नाही, ती परत ठेवावी, असा हुकूम झाला. वाळे पुन्हा पदरात बांधताना तिला गाठ जमेना. शिपायाने तिला बाजूला घेतले.

निकालपत्रातील तर्क मी अनेकदा वाचला आहे. तो निर्दोष आहे, आणि म्हणूनच तो वाचवत नाही. माफीच्या साक्षीदाराचा शब्द स्वतंत्र आधार मिळेल तेवढाच ग्राह्य, हे तत्त्व. मूल जिवंत जन्मले, या म्हणण्याला गाठीचा आधार आहे. मेलेल्या मुलाची नाळ कोणी इतक्या काळजीने, दोन वेढ्यांनी बांधीत नाही. आईने रडणे ऐकले, या म्हणण्याला आधार असा की ते साक्षीदाराने अनिच्छेने कबूल केले. मूल आजीच्या, म्हणजे गोदूकाकूंच्या, हातात दिले, या म्हणण्याला मात्र कसलाच आधार नाही. ते सोडून द्यावे लागते. ते सोडले, की मुलाजवळ उरते ती आई. आणि आई मूल मेलेले जन्मले असे खोटे सांगते.

अशा रीतीने डॉक्टरला जे सिद्ध करता आले नव्हते, ते आवडाबाईने सिद्ध केले. तिच्या सत्याचा अर्धा भाग न्यायालयाने स्वीकारला, आणि त्या अर्ध्या भागाने अनुसूयेवरचा आरोप खुनाचा ठरला. मुलीचा बाप कोण, हा प्रश्न संपूर्ण खटल्यात कोणीही, कोणत्याही पक्षाने, एकदाही विचारलेला नाही.

न्यायाधीशाला सल्ला देणाऱ्या चारही असेसरांनी, म्हणजे पंचांनी, दोषी म्हटले आणि दयेची शिफारस केली. शिक्षा फाशीची झाली. पुढे मुंबईच्या हायकोर्टाने ती बदलून जन्मठेप केली.

फाशीची शिक्षा सांगितली त्या दिवशी भागोजी आणि आवडाबाई कोर्टाच्या व्हरांड्यात उभी होती. शिपाई अनुसूयेला समोरून घेऊन गेले. ती थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता, असे भागोजी सांगे.

“आवडाबाई, गप्प बसायचं होतंत.”

आठ दिवसांत झोपडे मोडले गेले. दोघे मुलाला, धर्माला, घेऊन रेवदंड्याच्या बंदरावर मासळी सुकवतात त्या पटांगणाच्या कडेला राहायला गेले. भागोजी ओझी वाहू लागला. आवडाबाईला बाळंतपणाचे बोलावणे पुन्हा आले नाही. तिची गाठ कोर्टात जाते, असे बायका म्हणत. १९३२ साली सून बाळंत झाली, जनी जन्मली, तेव्हा ती घरातच होती. तिने मूल झेलले, पुसले, नाळ कापली आणि चिमटीत धरून बसून राहिली. “तू बांद, बाय,” ती विहिणीला म्हणाली. “मला सांगू नको.” विहिणीने सुताने बांधली.

त्या वर्षांत ती तीनदा अलिबागेस चालत गेली. अनुसूयेची शिक्षा कमी व्हावी म्हणून सरकारला अर्ज करता येतो, हे तिला कोणीतरी सांगितले होते. अर्ज लिहिणाऱ्याने पहिल्यांदा विचारले, “तू कैद्याची कोण?”

“सुईन.”

“नात्यातलं कोणी आण. सही लागेल.”

दुसऱ्या खेपेस जाण्यापूर्वी ती अण्णांच्या वाडीत गेली. गोदूकाकू तोवर वारल्या होत्या. अण्णांनी तिला फाटकातच थांबवले, पण रागावले नाहीत. “त्या नावाने या घरात आता कोणी राहत नाही,” ते म्हणाले. तिसऱ्यांदा तिने सहीऐवजी स्वतःचा अंगठा देऊ केला. चालणार नाही म्हटल्यावर तिने वाळे टेबलावर ठेवले. अर्ज लिहिणाऱ्याने ते तिच्याकडे सरकवले आणि पुढच्या माणसाला बोलावले. अर्ज झाला नाही.

आवडाबाई १९३५ साली तापाने वारली. अनुसूया १९३९ च्या मार्च महिन्यात तुरुंगातून सुटली; सुटकेच्या नोंदीत ‘न्यावयास आलेला नातलग’ या रकान्यात रेघ आहे.